इंग्रजीतील छोटी क्रियापदे आणि त्यांचे अनेक अर्थ

बारावीला इंग्रजीत बरे गुण मिळवलेला, पुढे पदवीही घेतलेला एखादा विद्यार्थी स्पर्धा परीक्षेच्या उताऱ्यात अडखळतो, तेव्हा उताऱ्यात कठीण शब्द आले असतील असे आपल्याला वाटते. उतारा समोर ठेवून पाहिला तर निराळेच आढळते. 'पोस्टपोन', 'टॉलरेट', 'इन्व्हेस्टिगेट' असे लांबलचक शब्द त्याला येत असतात, कारण ते त्याने पाठ केलेले असतात. तो अडतो 'पुट ऑफ', 'पुट अप विथ', 'लुक इन्टू' यांच्यापाशी. यातील 'पुट' आणि 'लुक' त्याला शाळेच्या पहिल्या-दुसऱ्या इंग्रजी पुस्तकापासून माहीत आहेत. 'ऑफ', 'अप', 'इन्टू' हेही ओळखीचे आहेत. पण दोघे ओळखीचे एकत्र आले की त्यांचा अर्थ अनोळखी होतो. 'पुट' म्हणजे ठेवणे, 'ऑफ' म्हणजे दूर. मग 'पुट ऑफ' म्हणजे 'पुढे ढकलणे' हे त्याने कोठून ओळखावे?

अशा जोडीला इंग्रजी व्याकरणात 'फ्रेजल व्हर्ब' म्हणतात. सोयीसाठी आपण तिला 'जोडक्रियापद' म्हणू. छोट्या क्रियापदांचे अनेक अर्थ आणि त्यांची ही जोडक्रियापदे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. ज्या घरात इंग्रजी वर्तमानपत्र येते व इंग्रजी बोलले जाते, तेथील मुलांच्या कानावर हे प्रयोग लहानपणापासून पडतात. आपल्यापैकी बहुतेकांना ते पुस्तकातूनच शिकावे लागतात आणि नेमके हेच पुस्तकात कमी शिकवले जाते. मराठी शाळांतून पूर्वी इंग्रजी पाचवीपासून होते, २००० सालापासून ते पहिलीपासून सुरू झाले. वर्षे वाढली, तरी ही अडचण अजून पुरती गेलेली नाही. म्हणून ती स्वतंत्रपणे समजून घेतली पाहिजे.

१. ही अडचण केवळ आपली नाही

डॉ. सॅम्युएल जॉन्सन यांनी १७५५ साली लंडनमध्ये आपला प्रसिद्ध इंग्रजी कोश प्रसिद्ध केला. क्रियापदाला छोटा शब्द जोडून नवा अर्थ करण्याची रीत इंग्रजीत फार आहे आणि परकीयांना सर्वांत जास्त अडचण तिचीच होते, हे त्यांनी कोशाच्या प्रस्तावनेतच नमूद केले आहे. म्हणजे अडीचशेहून अधिक वर्षांपूर्वी इंग्रजांच्याच कोशकाराने हे ओळखले होते. तेव्हा 'मला इंग्रजी जमत नाही' असे म्हणून कोणी स्वतःला कमी लेखण्याचे कारण नाही.

छोट्या क्रियापदांच्या पोटात किती अर्थ असतात पाहा. ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती १९८९ साली २० खंडांत निघाली. तीत सर्वांत लांब नोंद 'सेट' या तीन अक्षरी क्रियापदाची होती. पुढे कोशाचे पुनर्संपादन सुरू झाले आणि २०११ साली संपादकांनी सांगितले की 'रन' या क्रियापदाचे ६४५ अर्थ नोंदवले गेले आहेत. एका शब्दाचे ६४५ अर्थ! ते सर्व कोणी पाठ करत नाही, इंग्रजही करत नाहीत. पण 'रन म्हणजे पळणे' एवढ्यावर थांबून चालत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

याची दुसरी बाजूही आहे. सी. के. ऑग्डन या इंग्रज विद्वानाने १९३० साली 'बेसिक इंग्लिश' नावाची योजना मांडली. परकीयांना इंग्रजी सोपे व्हावे म्हणून त्यांनी अवघे ८५० शब्द निवडले आणि त्यांत क्रियापदे फक्त १८ ठेवली. 'कम', 'गो', 'गेट', 'गिव्ह', 'टेक', 'पुट', 'मेक', 'कीप', 'लेट', 'सी', 'सेंड' ही त्यांतील काही. एवढ्या थोड्या क्रियापदांवर काम भागते, कारण ती 'अप', 'आऊट', 'ऑफ' अशा शब्दांशी जोडता येतात. 'एंटर' नको, 'गो इन' आहे. 'रिटर्न' नको, 'कम बॅक' आहे. 'रिमूव्ह' नको, 'टेक अवे' आहे. मात्र यावर आक्षेपही घेतला गेला. 'गिव्ह अप' म्हणजे 'नाद सोडणे' हे काही 'गिव्ह' आणि 'अप' यांवरून कळत नाही. म्हणजे क्रियापदे अठराच असली, तरी त्यांच्या जोड्या शिकाव्याच लागतात. आपल्या अभ्यासाचे मर्म येथेच आहे. शब्द थोडे आहेत, जोड्या पुष्कळ आहेत. तेव्हा अभ्यास जोड्यांचा करावा.

२. इंग्रजीत असे का झाले?

इंग्रजी भाषा एका थराची नाही. तिच्या तळाशी शेतकऱ्यांची, घरगुती व्यवहाराची जुनी इंग्रजी आहे. तिच्यात उत्तरेकडून आलेल्या डॅनिश लोकांची भाषा मिसळली. 'टेक' आणि 'गेट' ही क्रियापदे त्यांच्याकडूनच आलेली आहेत. पुढे १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि दरबार, न्यायालय, कारभार यांत फ्रेंच भाषा शिरली. विद्वान लोक लॅटिन लिहीत. त्यामुळे एकाच गोष्टीला दोन शब्द झाले, एक घरातला आणि एक कचेरीतला. 'पुट आऊट' घरातला, 'एक्स्टिंग्विश' कचेरीतला. 'गो ऑन' घरातला, 'कन्टिन्यू' कचेरीतला. 'गिव्ह इन' घरातला, 'सरेंडर' कचेरीतला.

आपण इंग्रजी शिकलो ते कचेरीच्या बाजूने, म्हणून मोठे शब्द आपल्याला जवळचे वाटतात. अर्ज, अहवाल व कायदेशीर मजकूर यांत ते योग्यही असतात. परंतु मुलाखत, संभाषण, वर्तमानपत्राचे मथळे, दूरदर्शनवरील बातम्या यांत घरातल्या शब्दांचेच राज्य असते. दोन्ही दारांनी ये-जा करता आली पाहिजे.

३. मराठीत हे सर्व आहेच

विद्यार्थी मित्रांनो, ही रीत आपल्याला नवी नाही. रोजच्या बोलण्यात आपण नकळत हेच करतो. 'काढणे' हे एक क्रियापद घ्या. आपण खात्यातून पैसे काढतो, गरजेला कर्ज काढतो, विमा काढतो, तिकीट काढतो, फोटो काढतो. गवळी धार काढतो. मूल रुसले की आई समजूत काढते. कोणी दुसऱ्याची खोडी काढतो, कोणी जुना विषय काढतो. गरीब माणूस हालात दिवस काढतो आणि दुखणे अंगावर काढतो. इंग्रज मनुष्य मराठी शिकू लागला आणि त्याने 'काढणे म्हणजे बाहेर घेणे' एवढेच पाठ केले, तर 'दुखणे अंगावर काढले' या वाक्यापाशी त्याची काय अवस्था होईल? 'गेट' आणि 'टेक' यांच्यापाशी आपली होते, तीच.

जोडीने अर्थ बदलणेही आपल्याकडे आहे. 'खाल्ले' आणि 'खाऊन टाकले' यांत फरक आहे. दुसऱ्यात काही शिल्लक उरले नाही असा भाव आहे. इंग्रजीत 'एट' आणि 'एट अप' यांत हाच फरक आहे. 'बोलला' आणि 'बोलत राहिला', तसे 'टॉक्ड' आणि 'टॉक्ड ऑन'. संस्कृतातून आलेले शब्द पाहा. आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार या सर्वांत मूळ धातू एकच आहे. पुढे लागलेल्या उपसर्गाने अर्थ कोठल्या कोठे नेला. संस्कृतात हा छोटा शब्द धातूच्या आधी येतो, इंग्रजीत तो क्रियापदाच्या नंतर येतो, एवढाच फरक. काही ठिकाणी तर दोन्ही भाषांचे सूत्र आश्चर्य वाटावे इतके जुळते. 'मुलगी आईवर गेली आहे' असे आपण म्हणतो. इंग्रज म्हणतो 'शी टेक्स आफ्टर हर मदर'. 'जाणे' आणि 'घेणे' या दोहोंचाही येथे मूळ अर्थाशी संबंध उरलेला नाही.

४. एकच क्रियापद, अनेक कामे

प्रथम जोडीशिवायचे अर्थ पाहू. 'गेट' हे क्रियापद घेऊ.

'आय गॉट अ लेटर' – मला पत्र मिळाले.
'गेट सम वॉटर' – थोडे पाणी आण.
'वी गॉट होम ॲट नाइन' – आम्ही नऊला घरी पोहोचलो.
'ही गेट्स टायर्ड' – तो थकतो.
'आय डोन्ट गेट यू' – तुमचे म्हणणे मला कळले नाही.

मिळणे, आणणे, पोहोचणे, होणे, कळणे असे पाच अर्थ झाले. कोणता घ्यायचा हे पुढचा शब्द सांगतो. पुढे वस्तू असेल तर मिळणे किंवा आणणे, ठिकाण असेल तर पोहोचणे, गुण किंवा अवस्था असेल तर होणे. आता हेच क्रियापद जोडीने पाहा. 'गेट अप' – उठणे. 'गेट ओव्हर' – आजारातून किंवा दुःखातून सावरणे. 'गेट थ्रू' – परीक्षा पार पडणे, तसेच फोन लागणे. 'गेट बाय' – आहे त्यात भागवणे. 'गेट ऑन' – गाडीत चढणे, तसेच एखाद्याशी जमणे.

'टेक' पाहू. 'टेक ऑफ' – बूट काढणे, तसेच विमानाने उड्डाण करणे. 'टेक ओव्हर' – सूत्रे हाती घेणे. 'टेक अप' – एखादा छंद किंवा काम हाती घेणे. 'टेक इन' – वाचलेले नीट समजणे, पण 'ही वॉज टेकन इन' म्हणजे तो फसवला गेला.

'रन' पाहू. 'शी रन्स अ शॉप' म्हणजे ती दुकान चालवते. येथे पळण्याचा काही संबंध नाही. 'रन इन्टू' – अचानक गाठ पडणे. 'रन ओव्हर' – गाडीखाली चिरडणे. 'रन अप' – बिल किंवा कर्ज साचवत जाणे. 'रन आऊट' म्हटले की आपल्याला क्रिकेटमधला धावबाद फलंदाज आठवतो. परंतु 'वी हॅव रन आऊट ऑफ केरोसीन' म्हणजे घरातले रॉकेल संपले.

५. जोडीचा शब्द काय सांगतो?

शेकडो जोड्या सुट्या सुट्या पाठ करण्यापेक्षा जोडीच्या शब्दाचा कल ओळखावा. तो पुष्कळदा पुढीलप्रमाणे असतो.

अप – वर जाणे, आणि काम पुरते करणे. 'युज अप' – वापरून संपवणे. 'टेअर अप' – फाडून टाकणे. मराठीतील 'टाकणे' याच्या जवळचा हा शब्द आहे.

ऑफ – तुटणे, सुटणे, दूर होणे. 'कट ऑफ' – तोडणे. 'स्विच ऑफ' – बंद करणे. 'सी ऑफ' – निरोप द्यायला जाणे. 'पे ऑफ' – कर्ज फेडून मोकळे होणे.

आऊट – बाहेर येणे, उजेडात येणे किंवा संपणे. 'फाइंड आऊट' – शोधून काढणे. 'पॉइंट आऊट' – निदर्शनास आणणे. 'वेअर आऊट' – झिजून जाणे.

ऑन – चालू राहणे. 'गो ऑन', 'कॅरी ऑन', 'रीड ऑन'.

डाऊन – खाली येणे, बंद पडणे, कागदावर उतरणे. 'ब्रेक डाऊन' – बिघडणे. 'क्लोज डाऊन' – कायमचे बंद होणे. 'राइट डाऊन' – लिहून घेणे.

ओव्हर – एका हातून दुसऱ्या हाती, किंवा सर्व बाजूंनी. 'हँड ओव्हर' – ताब्यात देणे. 'थिंक ओव्हर' – नीट विचार करणे. 'गो ओव्हर' – पुन्हा तपासणे.

हा कल आहे, नियम नव्हे. अपवाद पुष्कळ आहेत. 'द लाइट्स वेंट ऑफ' म्हणजे दिवे गेले, पण 'द अलार्म वेंट ऑफ' म्हणजे घड्याळाचा गजर वाजला! एकात बंद होणे आहे, दुसऱ्यात सुरू होणे आहे. फॉर्म 'फिल इन' करा म्हटले काय आणि 'फिल आऊट' करा म्हटले काय, काम एकच. तेव्हा कलाच्या आधारे अंदाज करावा आणि शब्दकोश पाहून खात्री करावी.

६. कागदावर हे अर्थ नडतात

परीक्षेतील दोन गुण गेले तर पुढच्या वेळी मिळवता येतात. पण काही कागद असे असतात की त्यांत छोट्या क्रियापदाचा अर्थ चुकला तर माणसाचे नुकसान होते. बँकेच्या काउंटरवर काम करताना हे वारंवार दिसते.

'राइट ऑफ' हे जोडक्रियापद घ्या. सामान्य शब्दकोशात त्याचा अर्थ 'कर्ज रद्द करणे, बुडीत धरणे' असा दिलेला असतो. एक गृहस्थ एकदा आपला पत अहवाल घेऊन आले होते. जुन्या कर्जापुढे 'रिटन ऑफ' असे छापलेले होते. त्यांच्या महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाने शब्दकोश पाहून सांगितले की कर्ज रद्द झाले. घरात आनंद झाला आणि हप्त्यासाठी बाजूला ठेवलेले पैसे घराच्या दुरुस्तीत गेले. मुलाने शब्दकोश पाहिला हे चांगलेच केले, पण कर्जव्यवहारात हा शब्द पुष्कळदा निराळ्या अर्थाने वापरला जातो. वसुली होत नाही असे दिसल्यावर बँक ती रक्कम आपल्या हिशेबाच्या वहीतून कमी करते. ही बँकेची हिशेबाची सोय असते. कर्जदाराची देणेदारी तशीच राहते आणि वसुलीही चालू राहू शकते. कर्जमाफीला 'वेव्हर' हा वेगळा शब्द आहे. 'राइट ऑफ' आणि 'वेव्हर' यांत फरक काय, हे त्या गृहस्थांना समजावून सांगितले तेव्हा ते बराच वेळ खुर्चीत बसून राहिले. म्हणून कर्ज खरोखर मिटले की नाही याची खात्री लेखी विचारून करावी आणि मिटले असेल तर 'नो ड्यूज' प्रमाणपत्र घ्यावे.

'सेट ऑफ' घ्या. 'वी सेट ऑफ ॲट डॉन' म्हणजे आम्ही पहाटे निघालो. फटाका उडवणे यालाही 'सेट ऑफ' म्हणतात. पण कर्जाच्या करारात 'राइट ऑफ सेट ऑफ' असे कलम असते, त्यातील पहिला 'राइट' हक्क या अर्थाचा आहे. त्याचा आशय असा, की कर्ज थकल्यास त्याच बँकेतील तुमची ठेव त्या कर्जापोटी वळती करून घेण्याचा हक्क बँकेला राहील. ज्याने सही केली त्याला हे सहीपूर्वी माहीत असावे.

'स्टँड शुअरिटी' म्हणजे जामीन राहणे. मैत्रीखातर शेजारी उभे राहण्याइतके ते सोपे नाही. कर्जदाराने पैसे भरले नाहीत तर जामीनदाराला भरावे लागतात.

नोकरीच्या पत्रांतही तसेच. 'युवर रिक्वेस्ट हॅज बीन टर्न्ड डाऊन' म्हणजे विनंती नाकारली. 'टर्न अप' म्हणजे हजर होणे. 'द इंटरव्ह्यू हॅज बीन पुट ऑफ' म्हणजे मुलाखत पुढे ढकलली, वाट पाहा. 'द इंटरव्ह्यू हॅज बीन कॉल्ड ऑफ' म्हणजे मुलाखत रद्द झाली. 'कॉल फॉर' आणि 'कॉल ऑफ' यांतही गल्लत होते. संघटना संपाची हाक देते ते 'कॉल फॉर', संप मागे घेते ते 'कॉल ऑफ'. एका छोट्या शब्दाने बातमी उलटी होते.

७. वाक्यात मांडणी कशी करावी?

अर्थ कळला तरी वाक्य चुकू शकते. चार गोष्टी लक्षात ठेवल्या की पुष्कळ काम होते.

पहिली गोष्ट. काही जोडक्रियापदे फोडता येतात. 'स्विच ऑफ द फॅन' बरोबर आणि 'स्विच द फॅन ऑफ' हेही बरोबर. पण नामाऐवजी सर्वनाम आले तर ते मध्येच आले पाहिजे. 'स्विच इट ऑफ' बरोबर, 'स्विच ऑफ इट' चूक. परीक्षेत यावर प्रश्न हमखास येतो.

दुसरी गोष्ट. काही जोड्या फोडता येत नाहीत. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळ करणे. 'लुक आफ्टर हर' बरोबर, 'लुक हर आफ्टर' चूक. 'लुक फॉर' – शोधणे आणि 'लुक इन्टू' – चौकशी करणे, ही याच प्रकारची.

तिसरी गोष्ट. काही जोड्या तीन शब्दांच्या असतात आणि त्यांतील एकही गाळता येत नाही. 'पुट अप विथ' – सहन करणे. 'लुक डाऊन ऑन' – तुच्छ लेखणे. 'लुक अप टू' – आदराने पाहणे. 'लुक फॉरवर्ड टू' – आतुरतेने वाट पाहणे. शेवटच्या जोडीनंतर 'इंग'चे रूप येते. पत्राच्या शेवटी 'आय लुक फॉरवर्ड टू हिअरिंग फ्रॉम यू' असे लिहावे, 'टू हिअर' असे लिहू नये.

चौथी गोष्ट. यांपासून नामेही होतात. बस 'ब्रेक डाऊन' झाली हे क्रियापद, बसचा 'ब्रेकडाऊन' हे नाम. विमानाचा 'टेकऑफ', कंपनीचा 'टेकओव्हर' ही तशीच. २०२० साली घरोघरी पोहोचलेला 'लॉकडाऊन' हा शब्दही याच घराण्यातला. बोलताना क्रियापदात दुसऱ्या शब्दावर जोर येतो, नामात पहिल्यावर. मोठ्याने म्हणून पाहिले की फरक कानाला कळतो.

८. आपले काही खास प्रयोग

आपल्याकडील इंग्रजीत काही जोड्या निराळ्या अर्थाने रूढ आहेत. 'ही पासड आऊट इन २००५' असे आपण पदवीधराबद्दल म्हणतो. बाहेरच्या माणसाला तो २००५ साली चक्कर येऊन पडला असे वाटेल! सैनिकी व पोलीस प्रशिक्षण संस्थांतील 'पासिंग आऊट परेड' हा प्रयोग मात्र बरोबर आहे. पदवीबद्दल बोलताना 'ग्रॅज्युएटेड' म्हणावे. 'पुट अप द फाईल' म्हणजे फाईल साहेबांपुढे सादर करणे, हा आपल्या कार्यालयांचा प्रयोग आहे. कार्यालयात तो चालतो, पण इतरत्र 'पुट अप' म्हणजे भिंतीवर भित्तिपत्रक लावणे किंवा पाहुण्याला मुक्कामास ठेवून घेणे. 'कोप अप विथ' हा प्रयोग चूक आहे, 'कोप विथ' एवढेच पुरे. 'रिटर्न बॅक' यातील 'बॅक' आणि 'डिस्कस अबाऊट' यातील 'अबाऊट' हेही अनावश्यक आहेत. जोडीचा शब्द कोठे हवा हे शिकताना तो कोठे नको हेही शिकावे.

९. अभ्यास कसा करावा?

(१) एक शंभर पानी वही करावी. एका क्रियापदाला समोरासमोरची दोन पाने द्यावीत. 'गेट', 'टेक', 'पुट', 'लुक', 'गो', 'कम', 'मेक', 'गिव्ह', 'टर्न', 'रन', 'सेट', 'ब्रेक', 'ब्रिंग', 'कॉल' आणि 'कीप' या पंधरांपासून सुरुवात करावी.

(२) दररोज दोन जोड्या घ्याव्यात, अधिक नको. महिन्याला साठ होतात, सहा महिन्यांत साडेतीनशेच्या वर जातात. नेहमीच्या वाचनाला एवढ्यांचा चांगला आधार होतो.

(३) अर्थापुढे स्वतःचे वाक्य लिहावे आणि ते आपल्या घरातले असावे. 'द टॅप वॉटर रॅन आऊट ॲट सेव्हन' हे वाक्य ज्याच्या नळाचे पाणी सातला जाते तो विसरत नाही.

(४) इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश वापरावा. ए. एस. हॉर्नबी हे इंग्रज शिक्षक जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते. परकीय विद्यार्थ्यांच्या अडचणी पाहून त्यांनी केलेला कोश १९४२ साली तेथे निघाला आणि पुढे १९४८ साली ऑक्सफर्डने तो काढला. 'ॲडव्हान्स्ड लर्नर्स' या नावाने ओळखला जाणारा कोश तो हाच. 'पुट ऑफ' शोधायचे तर 'पुट' ची नोंद उघडावी. नव्या आवृत्त्यांत जोडक्रियापदे नोंदीच्या शेवटी एकत्र दिलेली असतात. अर्थ पाहून थांबू नये, खालचे उदाहरण अवश्य वाचावे. आता हा कोश मोबाईलवरही पाहता येतो.

(५) दोघा-तिघांनी मिळून अभ्यास करावा. एकाने क्रियापद म्हणावे, दुसऱ्याने जोडी लावावी, तिसऱ्याने वाक्य करावे. अभ्यासिकेत अर्धा तास हा खेळ खेळला तरी एकट्याने तासभर केलेल्या पाठांतरापेक्षा जास्त टिकतो.

१०. स्वाध्याय

पुढील वाक्यांचा अर्थ आधी स्वतः लिहावा, मग उत्तरे पाहावीत.

(१) द मॅच वॉज कॉल्ड ऑफ बिकॉज ऑफ रेन.
(२) शी टर्न्ड डाऊन द जॉब.
(३) दे पुट आऊट द फायर इन टाइम.
(४) आय कुड नॉट मेक आऊट हिज सिग्नेचर.
(५) शी ब्रॉट अप फोर चिल्ड्रन अलोन.
(६) ही मेड अप अ स्टोरी.
(७) प्लीज गो ओव्हर द अकाउंट्स वन्स मोअर.
(८) डोन्ट गिव्ह अप युवर स्टडीज.

उत्तरे : (१) पावसामुळे सामना रद्द झाला. (२) तिने ती नोकरी नाकारली. (३) त्यांनी आग वेळेत विझवली. (४) मला त्याची सही वाचता आली नाही. (५) तिने एकटीने चार मुले वाढवली. (६) त्याने गोष्ट रचून सांगितली. (७) कृपया हिशेब पुन्हा एकदा तपासा. (८) शिक्षण सोडू नका.

शेवटी एवढेच सांगावेसे वाटते. इंग्रजी येणे म्हणजे भारदस्त शब्द फेकणे नव्हे. समोर आलेला कागद नीट वाचता येणे, त्यात आपल्याला काय मिळाले आणि आपण काय कबूल करत आहोत हे सही करण्याआधी कळणे, आणि आपले म्हणणे साध्या शब्दांत समोरच्यापुढे मांडता येणे, एवढे जमले तरी पुष्कळ आहे. या कामात मोठ्या शब्दांपेक्षा छोटे शब्द जास्त उपयोगी पडतात. घरातील शिकलेल्या मुलामुलींनी आई-वडिलांचे, शेजाऱ्यांचे असे कागद वाचून द्यावेत आणि शंका असेल तेथे अंदाजाने अर्थ न सांगता 'विचारून सांगतो', 'विचारून सांगते' असे म्हणावे. विद्यार्थ्यांनी आजच एक वही घ्यावी, पहिल्या पानावर 'गेट' लिहावे आणि कामाला लागावे.